एक पेपर, एक श्रेणी आणि सतरा वर्षांनी लागलेला दुसरा निकाल

2000 सालच्या उन्हाळ्यात ऑक्सफर्ड विद्यापीठातून एक विद्यार्थी आधुनिक इतिहासाची ऑनर्स पदवी घेऊन बाहेर पडला. श्रेणी होती उच्च द्वितीय. ब्रिटनमध्ये हिला सगळे ‘टू-वन’ म्हणतात. त्याला ‘फर्स्ट’ची, म्हणजे प्रथम श्रेणीची, अपेक्षा होती. पुढे त्याने विद्यापीठाविरुद्ध दावा लावला: एका विशेष विषयाचे शिकवणे निकृष्ट होते, त्यामुळे त्या पेपरात गुण कमी पडले, त्यामुळे फर्स्ट हुकले, आणि फर्स्ट हुकल्यामुळे आंतरराष्ट्रीय व्यापारी कायद्याचा वकील म्हणून जे आयुष्य घडले असते ते घडले नाही. नुकसानीचा आकडा किमान 10 लाख पौंड. 7 फेब्रुवारी 2018 रोजी लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती फॉस्केट यांनी हा दावा फेटाळला.

बातम्यांमध्ये या खटल्याची थट्टाच जास्त झाली. चांगली पदवी हातात असलेला माणूस इतक्या वर्षांनी त्याहून चांगली मागतो, असा एकूण सूर होता. मला तो सूर पटत नाही. पदवीची श्रेणी कशी ठरते, कुठे ठिसूळ असते आणि एकदा ठरली की ती हलवणे किती अवघड असते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे प्रकरण मला माहीत नाही. वादीचे नाव खटल्याच्या नोंदीत आहेच. इथे त्याला फक्त वादी म्हणतो, कारण प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

श्रेणी म्हणजे नेमके काय

ब्रिटनमधल्या ऑनर्स पदवीला श्रेणी चिकटलेली असते. सर्वसाधारण पट्टे असे: 70 आणि त्यावर फर्स्ट, 60 ते 69 टू-वन, 50 ते 59 निम्न द्वितीय म्हणजे टू-टू, 40 ते 49 थर्ड. शंभरपैकी 70 म्हणजे फार नाहीत असे वाटू शकेल. पण इतिहास किंवा साहित्यासारख्या निबंधवजा उत्तरांच्या विषयांत 80 च्या वर गुण क्वचितच दिले जातात. 70 ते 75 मध्येच बहुतेक उत्तम उत्तरे बसतात, आणि 62 ते 68 या अरुंद जागेत विद्यार्थ्यांची खरी गर्दी असते.

मालक मंडळी, मोठ्या वकिली कंपन्या आणि पदव्युत्तर प्रवेश देणारे विभाग अर्जात पहिल्यांदा श्रेणीच बघतात. 69 वाल्याला आणि 60 वाल्याला एकच नाव मिळते. 69 आणि 70 मध्ये मात्र नाव बदलते. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्सफर्डमध्येच आकाराला आली. तेव्हा परीक्षेला बसणारे मोजके असत. आज ती लाखो पदवीधरांच्या अर्जांची पहिली चाळणी झाली आहे, त्या कामासाठी ती कधी बनवली नव्हती.

1999-2000 मध्ये काय घडले

वादीने घेतलेला विशेष विषय होता भारताचा साम्राज्यकालीन इतिहास. त्या शैक्षणिक वर्षात आशियाई इतिहास शिकवणाऱ्या सात प्राध्यापकांपैकी चार जण एकाच वेळी अभ्यासरजेवर होते. मागे राहिलेल्यांवर बोजा वाढला. त्या वर्षी शिकवण्याची व्यवस्था लावताना अडचण आली होती, हे विद्यापीठाने नाकारले नाही. त्यांचे म्हणणे एवढेच होते की विद्यार्थ्याला ठरलेले मार्गदर्शन मिळाले आणि निष्काळजीपणा झालेला नाही. दावा मुदतीबाहेर गेला आहे हाही त्यांचा मुद्दा होता. खटला मुळातच काढून टाकावा ही त्यांची मागणी 2016 च्या डिसेंबरमध्ये न्यायमूर्ती केर यांनी मान्य केली नाही आणि प्रकरण सुनावणीला गेले.

वाद ज्या पेपरावर केंद्रित झाला तो ‘गॉबेट’चा पेपर. या पेपराचे स्वरूप समजल्याशिवाय खटला कळत नाही. गॉबेट म्हणजे मूळ कागदपत्रांतला छोटा उतारा: एखाद्या व्हाइसरॉयच्या पत्रातल्या चार ओळी, एखाद्या ठरावाचा परिच्छेद, भाषणाचा तुकडा. परीक्षार्थीने तो कुठला, कुणी, केव्हा, कुणासाठी लिहिला हे ओळखायचे, त्यातल्या शब्दांचे वजन सांगायचे आणि त्या काळातल्या वादात तो कुठे बसतो ते थोडक्यात मांडायचे. लांबलचक निबंधात सामान्य वाचनावर निभावून नेता येते. इथे येत नाही. नेमलेले कागद आधी बारकाईने वाचलेले असावे लागतात, आणि असे भाष्य लिहून कुणाकडून तरी तपासून घेण्याचा सराव असावा लागतो.

म्हणजे हा पेपर दोन्ही बाजूंनी बोलतो. शिकवणारा कमी पडला तर त्याचे परिणाम इथेच सर्वांत आधी दिसतील. आणि विद्यार्थ्याने कागद नीट वाचले नसतील तर तेही इथेच उघडे पडेल. एका माणसाचे एका पेपरातले कमी गुण बघून यातले नेमके काय झाले हे सांगता येत नाही. खटल्याची सगळी अडचण खरे तर इथेच सुरू होते.

वादीच्या वकिलांनी म्हणूनच एक वेगळा आकडा पुढे केला: तेच शिकवणे मिळालेल्या आणि तोच पेपर दिलेल्या 15 विद्यार्थ्यांपैकी 13 जणांचा तो सर्वांत कमी किंवा बरोबरीने सर्वांत कमी गुणांचा पेपर ठरला. या आकड्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा तोच आहे असे मला वाटते.

दुसरी तक्रार तब्येतीची होती. निद्रानाश, नैराश्य आणि चिंता यांचा आपल्याला त्रास होता, पण ही माहिती परीक्षकांपर्यंत पोहोचवायची राहून गेली, असे वादीचे म्हणणे होते. न्यायालयाने तेही मान्य केले नाही.

गुणांना हात न लावता

वादीने ‘मला जास्त गुण द्या’ असे कुठेही म्हटले नाही, आणि याला कारण आहे. इंग्लंडमधली न्यायालये उत्तरपत्रिका तपासत नाहीत. हे उत्तर 58 चे की 64 चे, हा शैक्षणिक निर्णय, तो परीक्षकांचाच. लिंकनशायर आणि हंबरसाइड विद्यापीठाविरुद्धच्या एका प्रकरणात अपील न्यायालयाने हेच 2000 साली स्पष्ट केले होते: विद्यार्थी आणि विद्यापीठ यांच्यात करार असतो, त्याचा भंग झाल्यास न्यायालयात येता येते, पण कुठली श्रेणी द्यायला हवी होती यासारख्या प्रश्नात न्यायालय पडणार नाही. 2004 च्या उच्च शिक्षण कायद्याने विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र लवादासारखी व्यवस्था उभी केली, तिलाही शैक्षणिक निर्णयात शिरायला मनाई आहे.

मग उरते ते शिकवणे. शिकवणाऱ्या व्यावसायिकावर विद्यार्थ्याप्रति काळजी घेण्याचे कर्तव्य असू शकते, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, 2000 साली लंडनच्या हिलिंग्डन कौन्सिलविरुद्धच्या प्रकरणात मान्य केले होते. ते प्रकरण शाळकरी मुलांचे होते, पण तत्त्वाचा विस्तार विद्यापीठांपर्यंत होऊ शकत होता. वादीने तोच मार्ग धरला. तो हुशारीचा होता आणि प्रामाणिकही, कारण चार प्राध्यापकांची एकदम रजा ही काही त्याच्या कल्पनेतली गोष्ट नव्हती.

पण या मार्गावर एकामागोमाग एक चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. शिकवणे साधारण असणे पुरत नाही. ते निष्काळजीपणाच्या पातळीइतके वाईट असावे लागते. त्यामुळेच त्या पेपरात गुण घसरले हे दाखवावे लागते. तो पेपर चांगला गेला असता तर एकूण श्रेणी फर्स्ट झाली असती हे दाखवावे लागते. आणि फर्स्ट असती तर कारकीर्द वेगळी झाली असती हेही. चारही शक्यता भरपूर असल्या तरी त्यांचा गुणाकार लहान होत जातो, आणि इथे पहिलीच पायरी टिकली नाही.

एका पेपरात किती ताकद असते

तिसरी पायरी मला जास्त रंजक वाटते, कारण ती निव्वळ हिशेबाची आहे. पुढचे आकडे वादीचे नाहीत. हिशेब दिसावा म्हणून मी मांडले आहेत.

समजा सात पेपर आहेत आणि गुण असे: 72, 71, 70, 70, 69, 68 आणि सातव्यात 54. बेरीज 474, सरासरी 67.71. ऑक्सफर्डमध्ये इतिहास, इंग्रजी अशा विषयांत अलीकडे फर्स्टसाठी सरासरी 68.5 लागते आणि किमान दोन पेपरांत 70 किंवा जास्त असावे लागतात. दुसरी अट इथे सहज पूर्ण होते, पहिली होत नाही. श्रेणी टू-वन.

सातव्या पेपरात 59 मिळाले असते तर सरासरी 68.43, तरीही टू-वन. 60 मिळाले असते तर 68.57, आणि श्रेणी फर्स्ट. 700 पैकी एका गुणाने नाव बदलले. ज्याने कधी उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्याला ठाऊक असते की दोन अनुभवी परीक्षक एकाच निबंधाला चार-पाच गुणांच्या फरकाने तपासू शकतात, आणि त्यात कुणाचीही चूक नसते. म्हणून तर महत्त्वाच्या उत्तरपत्रिका दोघांकडून तपासल्या जातात आणि बाहेरच्या विद्यापीठाचा परीक्षक वर बसतो. तरीही मधला मेळ घालताना शेवटी एकच आकडा लिहावा लागतो.

आता हेच सात गुण, 54 सकट, दुसऱ्या नियमांनी मोजू. सरळ 70 ची सरासरी मागणाऱ्या विद्यापीठात हा विद्यार्थी टू-वन. सर्वांत कमी गुणांचा पेपर वगळणाऱ्या विद्यापीठात उरलेल्या सहांची सरासरी बरोबर 70, म्हणजे फर्स्ट. गुणांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर बरोबर मधला आकडा, बघणाऱ्या ठिकाणी चौथा गुण 70, पुन्हा फर्स्ट. काही ठिकाणी सरासरी 68 किंवा जास्त असेल आणि निम्म्याहून अधिक पेपर फर्स्टच्या पट्ट्यात असतील तर विद्यार्थ्याला वर ढकलतात. इथे सातांपैकी चार पेपर त्या पट्ट्यात आहेत, पण सरासरी 67.71 असल्यामुळे दार बंद. सातव्यात 56 असते तर सरासरी नेमकी 68 झाली असती आणि दार उघडले असते.

यात आणखी एक गुंतागुंत. बऱ्याच ब्रिटिश विद्यापीठांत दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे गुण वेगवेगळ्या प्रमाणात धरले जातात: कुठे एकास दोन, कुठे एकास तीन, कुठे फक्त शेवटचे वर्ष. ऑक्सफर्डमध्ये इतिहासाच्या विद्यार्थ्याची पहिल्या वर्षाची परीक्षा श्रेणीत धरली जात नाही. सगळा भार शेवटच्या परीक्षेवर, ‘फायनल्स’वर. अशा पद्धतीत एखादा विषय कोसळला तर तो भरून काढायला आधीच्या वर्षांची पुंजी नसते. वादीला या एका पेपराबद्दल इतके वाटावे याचे मूळ या रचनेत आहे.

विद्यापीठांच्या संघटनांनी 2017 साली या सूत्रांची पाहणी केली तेव्हा नियमांमधली विविधता एका ठिकाणी दिसली, आणि 2020 साली सूत्र कसे असावे याची तत्त्वे ठरवली गेली: ते सांगता आले पाहिजे, समजले पाहिजे आणि त्याचे समर्थन करता आले पाहिजे. चांगलेच झाले. पण सूत्र सगळीकडे एक झाले असे नाही, आणि विद्यापीठांची स्वायत्तता बघता ते होणारही नाही.

न्यायालयाने काय म्हटले

न्यायमूर्ती फॉस्केट यांनी शिकवण्याची व्यवस्था ताणली गेली होती हे दुर्लक्षिले नाही. पण तिचा दर्जा निष्काळजीपणाच्या पातळीला गेला होता असे त्यांना दिसले नाही. गॉबेटच्या पेपरातल्या अनपेक्षित गुणांचे कारण त्यांना वादीच्या अपुऱ्या तयारीत आणि आवश्यक त्या अभ्यासशिस्तीच्या अभावात दिसले. त्या काळात झालेल्या हे-फीव्हरच्या, म्हणजे परागकणांच्या ॲलर्जीच्या, तीव्र त्रासाचाही त्यात वाटा असू शकतो असे त्यांनी नोंदवले. निकृष्ट शिकवण्याबद्दल भरपाई मागणाऱ्या दाव्यापुढचे अडथळे मोठे आणि बहुधा न ओलांडता येणारे असतात, असेही त्यांनी म्हटले.

समोर असलेल्या पुराव्यावर हा निकाल मला बरोबर वाटतो. सतरा वर्षांनंतर तेव्हाच्या तासांत कोण काय बोलले, कोणता निबंध कितपत तपासला गेला, हे कुणाला आठवणार? शिकवणारे निवृत्त होतात, टाचणे हरवतात, आणि विद्यार्थ्याची स्वतःबद्दलची आठवणही मधल्या आयुष्याने बदललेली असते. निष्काळजीपणा ठरवायला लागणारा बारीक तपशील उरलेलाच नव्हता.

पण 15 पैकी 13 या आकड्याचे काय? अपुरी तयारी हे एका विद्यार्थ्याचे कारण असू शकते, ॲलर्जीही एकाची असू शकते. तेराजणांना एकाच वेळी एकच पेपर सर्वांत वाईट गेला तर तीन शक्यता उरतात. पेपर कठीण निघाला असेल. तपासणी कडक झाली असेल. किंवा शिकवण्यात कमतरता असेल. गॉबेटचे पेपर मुळातच निबंधांपेक्षा खाली जात असतील तर पहिली शक्यता बळावते, आणि या आकड्यावरून थेट निष्काळजीपणा सिद्ध होत नाही हे न्यायालयाचे तर्कशास्त्र टिकते. तरी यातली कुठलीही शक्यता खरी असली, तरी ती वादीच्या एकट्याच्या दोषाने स्पष्ट होत नाही. कायद्याला व्यक्तीचे कारण लागते. हा आकडा गटाबद्दल बोलत होता. म्हणून न्यायालयात त्याचे वजन कमी पडले.

त्याचे वजन पडायला हवे होते ते 2000 सालच्या जूनमध्ये, परीक्षा मंडळाच्या टेबलावर.

मंडळाने बघायचे असते ते

श्रेणी ठरवताना परीक्षा मंडळ प्रत्येक विद्यार्थ्याची ओळ बघते, पण पेपराचा स्तंभही बघायचा असतो. एका पेपराची सरासरी इतर पेपरांपेक्षा किंवा मागच्या वर्षांपेक्षा बरीच खाली गेली, तर मंडळ कारण विचारू शकते: प्रश्नपत्रिका कशी होती, तपासणी कशी झाली, वर्षभरात शिकवण्यात काही विस्कटले होते का. कारण पटले तर सगळ्या गटाचे गुण समायोजित करण्याची तरतूद ब्रिटिश विद्यापीठांत असते. बाहेरच्या परीक्षकाची नेमणूक अशाच प्रश्नांसाठी असते. यात कुणाला निष्काळजी ठरवावे लागत नाही, कुणाचे करिअर मोजावे लागत नाही. त्या क्षणी सगळी माणसे आणि कागद हजर असतात.

विद्यापीठे असे करू शकतात हे 2020 च्या महासाथीत सगळ्यांनी पाहिले. वर्ग बंद पडले, परीक्षा घरून झाल्या, आणि अनेक विद्यापीठांनी नियम केला की साथीच्या आधीच्या कामगिरीपेक्षा विद्यार्थ्याची श्रेणी खाली जाणार नाही. शिकवण्यात खंड पडला तर श्रेणीच्या नियमातच त्याची दखल घेता येते, हे त्यातून मान्य झाले. चार प्राध्यापकांची रजा महासाथीइतकी मोठी नाही, हे खरे. पण पंधरा विद्यार्थ्यांपुरती तिची दखल घेणे त्याहून कितीतरी सोपे होते.

महासाथीच्या त्या नियमांची दुसरी बाजूही सांगायला हवी. इंग्लंडच्या विद्यार्थी कार्यालयाच्या, म्हणजे तिथल्या उच्च शिक्षण नियामकाच्या, विश्लेषणानुसार 2010-11 मध्ये 15.7 टक्के पदवीधरांना फर्स्ट मिळत होती. 2020-21 मध्ये हे प्रमाण 37.9 टक्क्यांवर गेले. सवलतींनी ही वाढ शेवटच्या वर्षांत आणखी उंचावली, पण चढ त्याआधीपासूनच होता. फर्स्ट इतकी सर्रास झाल्यावर तिच्याविना राहणे जास्त बोचते. वादीच्या काळात टू-वन ही सन्मानाची श्रेणी होती. आज अर्ज चाळणाऱ्याला ती नुसती किमान अट वाटते.

सर रॉबर्ट बर्जेस यांच्या गटाने 2007 सालीच सांगितले होते की ही श्रेणीपद्धत आता कामाला पुरी पडत नाही. त्यांनी सुचवलेला तपशीलवार कामगिरी अहवाल आज बऱ्याच विद्यापीठांत मिळतो. त्यात विषयवार गुण असतात, प्रकल्प असतात. श्रेणी मात्र गेली नाही, आणि अर्जाच्या रकान्यात अजूनही तीच विचारली जाते. माझ्या मते सरासरी आणि पेपरवार गुण श्रेणीच्या शेजारी सक्तीने छापले असते तर 67.71 वाल्याला फक्त ‘टू-वन’ या नावावर मोजले गेले नसते. वाचणाऱ्याने सहा चांगले आणि एक वाईट असे स्वतःच पाहिले असते.

वादी शिकायला लागला 1997 मध्ये. तेव्हा देशातल्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला शिकवणी शुल्क भरावे लागत नव्हते; 1,000 पौंडांचे शुल्क 1998 मध्ये आले. खटला उभा राहिला तोवर इंग्लंडमध्ये ते वर्षाला 9,250 पौंड झाले होते. शुल्काबरोबर विद्यार्थ्यांचा शिकवण्यावरचा हक्क सांगण्याचा सूरही बदलला, पण हक्क बजावण्याची जागा न्यायालय नव्हे हे या निकालाने जवळपास ठरवून टाकले.

आज कुणावर अशीच वेळ आली तर मार्ग हा: शिकवण्यात खंड पडतोय हे दिसताच, त्याच सत्रात, विभागाला लेखी कळवणे. तब्येतीची अडचण असेल तर मंडळाच्या बैठकीआधी कागदपत्रांसह स्वतः अर्ज करणे, कुणी दुसरा कळवेल यावर न विसंबणे. निकालानंतर विद्यापीठाची अंतर्गत तक्रार पूर्ण करून तिथून समाप्तीचे पत्र घेणे, आणि त्या पत्रापासून 12 महिन्यांच्या आत स्वतंत्र लवाद कार्यालयाकडे जाणे. ते कार्यालय गुण बदलत नाही. ठरलेले शिकवणे मिळाले का, नियम पाळले गेले का, हे ते तपासते. संप आणि महासाथीनंतर त्याने काही विद्यार्थ्यांना भरपाई द्यावी असे सुचवलेही आहे. प्रक्रियेत दोष सापडला तर प्रकरण पुन्हा परीक्षा मंडळाकडे पाठवण्याची शिफारस ते करू शकते, आणि श्रेणीचा विचार पुन्हा मंडळच करते.